हाबेनवाले काका

काकांसमोर ‘बीएमडब्ल्यू’ म्हणायचं नाही. ‘बेएमवे’ म्हणायचं. ‘व्होक्सवॅगन’ म्हणालात तर ते हात वर करून तुम्हाला थांबवतात, ‘फोल्क्सवागन’ असं दोनदा म्हणवून घेतात आणि मगच तुमच्या मेव्हण्याची गाडी चाकणच्या वाटेवर कशी बंद पडली ते ऐकायला तयार होतात. तोवर गाडी दुरुस्त होऊन मेव्हणा घरी पोचलेला असतो. सोसायटीच्या वॉचमनला त्यांनी ‘पोर्शे’ शिकवून ठेवलंय. सोसायटीत पोर्शे कोणाकडेच नाही. पण उद्या आलीच, तर फाटकातच चुकीच्या उच्चाराने तिचा अपमान व्हायला नको, एवढीच काळजी.

हा नमुना पुण्यात दुर्मीळ नाही. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, कुठेही चौकशी करा, एखाद्या तिसऱ्या मजल्यावर सापडतोच. ऐन तारुण्यात संध्याकाळचे वर्ग करून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नाहीतर मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेला, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात जर्मन सहकार्याने चालणाऱ्या कुठल्याशा कारखान्यात आयुष्य काढलेला, कंपनीने कधीकाळी ट्रेनिंगसाठी ‘तिकडे’ धाडलेला, आणि निवृत्तीनंतर हॉलमधला सोफा गॅलरीत ढकलून तिथे वर्ग घेणारा. ज्याच्या नावाने ते भवन ओळखलं जातं तो मॅक्स म्युलर जन्मला डेसाऊला, रमला ऑक्सफर्डला, ऋग्वेद छापला त्याने, पण भारतात एकदाही आला नाही. ही गोष्ट कोणी हसत हसत सांगितली की काका गंभीरपणे म्हणतात, “म्हणूनच त्याचं संस्कृत शुद्ध राहिलं.”

आमच्या काकांना मात्र सगळे ‘हाबेनवाले’ म्हणतात. त्यांच्या तोंडावर नाही. हे नाव का पडलं ते कळायला थोडं व्याकरण लागेल. त्याला इलाज नाही. काकांच्या घरी चहासुद्धा व्याकरणानंतरच मिळतो.

जर्मनमध्ये घडून गेलेली गोष्ट बोलताना क्रियापद एकट्याने येत नाही, बरोबर एक मदतनीस आणतं. मदतनीस दोन आहेत : हाबेन आणि झाइन. खाणं, वाचणं, विकत घेणं, बोलणं अशा बहुतेक क्रियापदांना हाबेन. जाणं, येणं, पडणं, मरणं, झोपेतून उठणं, म्हणजे जिथे जागा बदलते किंवा माणसाची अवस्था बदलते तिथे झाइन. ‘इश हाबे गेगेसन’, मी जेवलो. ‘इश बिन गेगांगन’, मी गेलो. यातलं ‘बिन’ हे झाइनचंच ‘मी’साठीचं रूप. इथपर्यंत कोणाची तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती झित्सन या क्रियापदापाशी.

झित्सन म्हणजे बसणे. त्यातही बारकावा असा की मराठीत खाली टेकणं आणि टेकलेलं असणं, दोन्हींना आपण बसणंच म्हणतो. जर्मन माणूस टेकण्याच्या क्रियेला ‘झिश झेत्सन’ म्हणतो आणि टेकून झाल्यावरच्या स्थितीला ‘झित्सन’. म्हणजे ‘मी बसलो’ नव्हे, ‘मी बसून होतो’. आता नुसत्या बसून असण्यात ना जागा बदलते ना अवस्था. ज्याला शंका असेल त्याने कुठल्याही कचेरीत दुपारी तीन वाजता जाऊन पाहावं. तेव्हा नियमाप्रमाणे मदतनीस हाबेन. ‘इश हाबे गेझेसन.’ बहुतेक पाठ्यपुस्तकं हेच शिकवतात, उत्तर आणि मध्य जर्मनी हेच बोलते आणि काका हेच श्वासोच्छ्वासासारखं पाळतात. पण बव्हेरियात जा, स्टुटगार्टकडे जा, ऑस्ट्रियात किंवा स्वित्झर्लंडमध्ये जा, माणसं सर्रास ‘बिन गेझेसन’ म्हणतात. बसणं, उभं असणं, आडवं पडलेलं असणं, तिन्हींना तिकडे झाइन. ही अडाण्यांची चूक नव्हे. शिकलेले लोक तसं बोलतात, वर्तमानपत्रं तसं छापतात, आणि डुडेन कोशात ‘दक्षिण जर्मन, ऑस्ट्रियन, स्विस’ असा शेरा देऊन ते रूप दिलेलं आहे.

डुडेन काकांकडे आहे. कोनराड डुडेन नावाच्या शाळामास्तराने 1880 साली शुद्धलेखनाचा कोश काढला, त्याचीच ही आजची वंशावळ. मूळ पुठ्ठा पिवळा असतो, पण काकांनी त्यावर खाकी कागदाचं कव्हर घातलंय आणि शाळकरी लेबलावर ‘विषय : डुडेन’ असं लिहिलंय. ‘झित्सन’चं पान बोटं लागून लागून मऊ पडलंय. तिथे दक्षिणेबद्दलच्या बारीक शेऱ्यासमोर समासात टोकदार पेन्सिलीने नोंद आहे : ‘नोंद घेतली. अनुसरू नये.’

काकांच्या या कर्मठपणाचं मूळ हॅनोव्हरमध्ये आहे. कंपनीने ट्रेनिंगला पाठवलं ते नेमकं तिथे. सगळ्यात शुद्ध जर्मन हॅनोव्हरला बोलतात असा जर्मनीत जुना समज आहे, आणि हॅनोव्हरच्या लोकांनी तो दूर करण्याचा कधी प्रयत्न केलेला नाही. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला अशा गावी परकं वाटायचं कारणच काय? काका तिथे उतरले आणि आपल्याच आळीत आल्यासारखे रुळले. फक्त शब्द बदलले, अभिमान तोच राहिला. “बाकीची जर्मनी कारखाने चालवते, हॅनोव्हर भाषा चालवतं,” असं ते सांगतात. मुंबईबद्दल आणि पुण्याबद्दल त्यांनी हेच वाक्य पूर्वी ऐकवलेलं आम्हाला आठवतं.

शिकवण्यात मात्र काकांचा हात धरणारा नाही. क्रियापदांची त्रिसूत्री ते रूपावलीच्या चालीत म्हणवून घेतात : झित्सन, झास, गेझेसन; एसन, आस, गेगेसन; फेरगेसन, फेरगास, फेरगेसन. बसणे, जेवणे, विसरणे. निवृत्त माणसाची अख्खी दुपार या तीन ओळींत येते. स्वर असा आतल्या आत बदलणाऱ्या क्रियापदांना ‘बलवान’ आणि नुसतं शेपूट लावून भागवणाऱ्यांना ‘दुर्बळ’ ही नावं याकोब ग्रिमने दिली, तोच परीकथांचा ग्रिम. हे सांगताना काकांचा आवाज चढतो. “बघा, बसणं हे बलवान क्रियापद आहे,” असं म्हणून ते स्वतः बसतात.

मराठी मुलांसाठी त्यांनी एक युक्ती बांधली होती आणि तिचा त्यांना फार गर्व होता. मराठीत ‘ने’ आला की जर्मनमध्ये हाबेन. त्याने खाल्लं, त्याने वाचलं, त्याने विकलं : हाबेन. ‘ने’ नसला की झाइन. तो गेला, तो आला, तो पडला, तो मेला : झाइन. मुलांना हे पटकन पटायचं. पण युक्ती नेमकी पुणेकराच्या नित्यकर्मापाशी फुटली. तो जेवला, तो झोपला, तो हसला. ‘ने’ नाही, तरी जर्मनला हाबेन हवं. आणि एकदा लातूरकडच्या एका मुलीने मागच्या खुर्चीवरून विचारलं, “सर, ‘तो बसला’ला पण ‘ने’ नाही. मग तुमच्या नियमानं झाइनच की.”

वर्ग शांत झाला. मराठी भाषा बव्हेरियाच्या बाजूने साक्ष देत होती.

“तो अपवाद आहे,” काका म्हणाले.

“आणि सर, ‘राहणे’ म्हणजे ब्लाइबन. त्यात तर काहीच हलत नाही. तरी त्याला झाइन का?”

“तोही अपवाद आहे.”

“मग नियम कुठला?”

“झित्सनला हाबेन,” काका म्हणाले, “हा नियम.” आणि खिडकी लावून घेतली. बाहेर पाऊस नव्हता.

बसणे या विषयावर काकांना खरं तर रात्रभर बोलता येईल, आणि ते ऐकण्याजोगंही असतं. जर्मन बसतो तसाच मराठी माणूस बसतो, हे त्यांचं आवडतं सूत्र. कोट अंगाला नीट बसला, हे जर्मन माणूसही ‘बसतो’ असंच म्हणतो. टोला वर्मी बसला, त्यालाही ‘डास हाट गेझेसन’. तुरुंगात जाऊन आलेला माणूस तिकडेही ‘बसून’ आलेला असतो. माल खपला नाही की व्यापारी मालावर बसून राहतो. शाळेत तीच इयत्ता पुन्हा करावी लागली तर पोरगं ‘बसून राहिलं’, आपल्या जुन्या भाषेत ‘गटांगळी खाल्ली’. आणि एखाद्याला थोडी चढली असेल तर त्याच्या आत ‘एक बसलेली आहे’ असं जर्मन म्हणतात. “आपल्याकडे आधी बसतात, मग चढते. त्यांच्याकडे चढली की ती बसते,” काका समजावतात. स्वतः ताकाच्या पलीकडे गेलेले नाहीत.

मग गाडी संस्कृतवर येते. झित्सन आणि आपला सद् धातू मूळचे भाऊ. उप, नि, सद् : गुरूजवळ खाली बसणं, म्हणजे उपनिषद. “थोडक्यात, ट्यूशन,” काका म्हणतात. संसद हीही त्याच धातूची, सगळ्यांनी एकत्र बसण्याची जागा. उठून ओरडणं धातूत कुठेही अभिप्रेत नाही.

काकू नागपूरच्या. त्या स्वयंपाकघरातून विचारतात, “अहो, काय लावून राहिले मघापासून? ती पोरं उपाशी बसून राहिली ना!” काकांच्या कपाळाला आठी पडते. ‘लावून राहिले’, ‘बसून राहिली’ हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच त्यांनी दुरुस्त करायला घेतलं होतं. काम अजून चालू आहे. काकू काकांपेक्षा बलवान क्रियापद निघाल्या.

गेल्या काही वर्षांत काकांच्या वर्गाची जात बदलली. पूर्वी बारावीला पैकीच्या पैकी मार्क मिळतात म्हणून जर्मन घेणारी डेक्कनची मुलं यायची. ती मार्क घेऊन जर्मन विसरायची. आता येतात त्या बीड, लातूर, भंडाऱ्याच्या नर्सेस, आयटीआय झालेले इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर. 2024 साली महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि गल्लोगल्ली ‘ए-वन ते बी-टू, खात्रीशीर’ असे फलक लागले. काकांना आनंद झाला, पण तो नकाशा पाहीपर्यंतच टिकला. बाडेन-व्युर्टेम्बर्ग म्हणजे स्टुटगार्ट, म्हणजे दक्षिण. आपण हाबेनवर वाढवलेली ही पोरं एकजात झाइनच्या मुलखात जाणार!

त्यात या राज्याने 1999 पासून वर्षानुवर्षं स्वतःची जाहिरात कशी केली ते काकांना कळलं. ‘आम्हाला सगळं येतं. फक्त प्रमाण जर्मन येत नाही’, अशा अर्थाचं ते ब्रीद होतं. सरकारी खर्चाने. काकांनी तो दिवस अन्नाशिवाय काढला. “सरकार स्वतः सांगतंय की आमची भाषा अशुद्ध आहे, आणि त्याचं कौतुक होतंय! आपल्याकडे निदान लाज तरी वाटते.” बी-वनची परीक्षा गोएथे संस्थेने ऑस्ट्रियन आणि स्विस संस्थांना बरोबर घेऊन तयार केली आहे, म्हणून ऐकण्याच्या भागात तिकडचेही आवाज येतात. त्या भागाला वर्गात ‘घुसखोरी’ म्हणतात.

आणि मग काकांची स्वतःची लेक म्युनिकला गेली.

जावई तिथे नोकरीला, नातू तिथल्या बालवाडीत. लेकीने तिकीट पाठवलं आणि काका-काकू उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी रवाना झाले. पुढचं सगळं काकूंनी सांगितलेलं. काका म्युनिकबद्दल फक्त एक वाक्य सांगतात, ते मागाहून येईलच.

पहिली फजिती बेकरीत. दक्षिणेकडे बोलताना साधा भूतकाळ जवळजवळ वापरातच नाही. ‘होता’, ‘जवळ होतं’ असली दोन-चार रूपं सोडली तर सगळी कथा मदतनिसांच्या जोरावर चालते. साधा भूतकाळ पुस्तकात, बातमीत आणि परीकथेत. काकांना तर तोच प्यारा. आदल्या दिवशीचे पाव कडक निघाले होते, त्याची तक्रार घेऊन ते गेले आणि खणखणीत हॅनोव्हरी सुरात म्हणाले : काल मी या दुकानी आलो, चार पाव घेतले, घरी परतलो आणि मेजापाशी बसलो. ‘आलो’ साधा, ‘घेतले’ साधा, ‘परतलो’ साधा, आणि ‘झास’ तर ठेवणीतला. मागची रांग थांबली. काउंटरवरच्या बाईंनी चिमटा खाली ठेवला, हनुवटीला हात लावला आणि उत्सुकतेने विचारलं, “उंड डान?” मग पुढे काय झालं? तक्रार राहिली बाजूला. बाईंना राजपुत्र कधी येतो याची ओढ लागली होती. शिवाय काका पावाला ‘ब्रोटशेन’ म्हणाले होते. म्युनिकमध्ये तो ‘झेमेल’ असतो. झेमेलसुद्धा नव्हे, ‘सेमेल’, कारण उत्तरेतल्या शब्दारंभीच्या झ चा तिकडे चक्क स होतो. हे काकांना झ च्या अपहारासारखं वाटलं.

दुसरा प्रसंग बिअरगार्डनमधला. चेस्टनटच्या झाडांखाली लांबच लांब बाकं, अनोळखी माणसांनी एकाच मेजावर बसायचं, आणि उत्तम गोष्ट म्हणजे खाणं घरून आणायला मुभा. पेय तेवढं त्यांचं घ्यायचं. ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत’ या पाटीखाली हयात गेलेल्या पुणेकराला असली जागा दिसल्यावर काय होतं ते सांगायला नको. काकूंनी थालीपिठं, लसणाची चटणी आणि दह्याचा डबा उघडला. काकांनी सफरचंदाच्या रसात सोडा घालून देतात ते घेतलं. समोर एक म्हातारबाबा लिटरभराचा मग घेऊन बसले होते. त्यांनी थालीपीठ चाखलं, काकूंकडे पाहून मान डोलावली आणि सहज म्हणाले, कालही मी इथेच बसलो होतो. त्यांच्या बोलीत : “इ बिन गेस्टर्न आ दो ग्सेसन.”

लेकीने काकांच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

“माफ करा,” काका अदबीने म्हणाले, “हाबे. इश हाबे हिअर गेझेसन.”

म्हाताऱ्याने मग ठेवला. “हाबे? इथे? छे! इथे बिन. हाबे तिकडे ष्टाडेलहाइमला.”

सगळं मेज हसलं. काकांना कळेना. पाच वर्षांचा नातू चटणीचं बोट चाटत म्हणाला, “आजोबा, हाबे म्हटलं की पोलीस येतात.”

ष्टाडेलहाइम हा म्युनिकचा तुरुंग. तुरुंगातल्या बसण्याला हाबेन आणि बाकावरच्या बसण्याला झाइन, असा भेद दक्षिणेत लोक आवर्जून सांगतात. उभं असण्याचंही तसंच. ‘गेश्टांडन’ हे रूप उभं असण्याचंही आहे आणि गुन्हा कबूल करण्याचंही. तेव्हा ‘बिन’ म्हणालात तर तुम्ही उभे होतात, ‘हाबे’ म्हणालात तर तुम्ही सगळं ओकलात. म्हणजे काका त्या गृहस्थांना भरल्या मेजावर सांगत होते की नीट बोला, म्हणा, मी शिक्षा भोगून आलोय.

म्हातारबाबा रागावले नव्हते. उलट रंगात आले. आमच्याकडे चांगली चांगली माणसं हाबेनवाली झालीत, म्हणाले. लेखक लुडविग थोमा 1906 साली ष्टाडेलहाइमला सहा आठवडे बसून आला, तेही एका कवितेपायी.

सहा आठवडे! काकांचा चेहरा उजळला. व्याकरण बाजूला राहिलं, आता प्रश्न पुण्याचा होता. “आमचे टिळक,” काका ताठ बसत म्हणाले, “मंडालेला. सहा वर्षं. लिखाणापायीच. हाट गेझेसन!” म्हाताऱ्याने टोपी काढली. “आणि तिथे,” काकांनी शेवटचा पत्ता टाकला, “तुरुंगात स्वतःहून जर्मन शिकले.”

हे खरंच आहे. मंडालेच्या कोठडीत टिळकांनी गीतारहस्य लिहिलं, तसा जर्मन आणि फ्रेंचचाही अभ्यास केला.

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. “मग ते हाबे म्हणायचे की बिन?”

“तुरुंगात शिकल्यावर,” काका म्हणाले, “दुसरं काय म्हणणार?”

क्षणभर शांतता, आणि मग म्हाताऱ्याने मेजावर अशी थाप मारली की दही सांडलं. “डेस हाट ग्सेसन!” ओरडले. टोला बसला!

काका म्युनिकबद्दल जे एकच वाक्य सांगतात ते हे : “प्रत्यक्ष बव्हेरियातला माणूस, वय ऐंशीच्या घरात, माझ्यासमोर ‘हाट गेझेसन’ म्हणाला. या कानांनी ऐकलंय.” टोला बसण्याला दक्षिणेतही हाबेन चालतं आणि त्याने माणसाच्या बसण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण नियमावर जीव जडलेला माणूस पुराव्याच्या बाबतीत फार चोखंदळ नसतो, मिळेल तो घेतो.

खरी गंमत अशी की काकांना दक्षिणेचं सगळं येतं. फक्त ते कबूल करत नाहीत. त्या लातूरच्या मुलीला स्टुटगार्टजवळच्या हॉस्पिटलात काम मिळालं. एकदा रात्री अडीचला काकांचा फोन वाजला. तिकडे अकरा वाजले होते, तिची रात्रपाळी. वॉर्डातल्या एका म्हातारीचं बोलणं तिला उमजत नव्हतं. म्हातारी सारखं “इ बेन ग्सेसे, द गान्स नाख्ट ग्सेसे” असं काहीतरी म्हणत होती. पोरगी रडकुंडीला आलेली. बी-टू पास होऊन काय उपयोग, म्हणे.

काका अंथरुणातच उठून बसले. “काल रात्रभर बसून होते, म्हणतायत त्या. पडलेल्या नव्हत्या, बसून होत्या. म्हणजे आडवं झालं की दम लागत असणार. डोक्याकडची बाजू उंच कर, आणि आत्ता डॉक्टरला बोलाव. जा.” एका दमात सगळं. ना श्वाबेनच्या बोलीला नावं, ना हॅनोव्हरचा उल्लेख. तासाभराने पुन्हा फोन आला, डॉक्टर येऊन गेले, म्हातारीला औषध दिलं, आता डोळा लागलाय. काका तोवर दिवा न लावता खुर्चीत बसून होते.

“छान,” म्हणाले. “आता रिपोर्ट लिहिशील त्यात ‘हाट गेझेसन’ लिही.”

काकू कूस बदलून म्हणाल्या, “झोपा ना आता. किती वेळ असे बसून राहिले!”

बसून राहणे, जर्मनमध्ये ‘झित्सन ब्लाइबन’. त्यात ब्लाइबन येतं म्हणून त्याला उत्तरेत, दक्षिणेत, हॅनोव्हरला, म्युनिकला, सगळीकडे एकमताने झाइनच लागतं. काकूंचं नागपुरी मराठी सबंध जर्मनीत प्रमाण आहे, हे काकांच्या कोणत्याही विद्यार्थ्याने त्यांच्या लक्षात आणून दिलेलं नाही. त्याचा दुसरा अर्थ नापास होणं असाही आहे, हे तर मुळीच नाही.

परवा वर्गाच्या दारावर नवी पाटी दिसली : ‘दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथे जाणाऱ्यांसाठी रविवारी जादा तास. तेथील प्रयोग ओळखण्यापुरते शिकवले जातील. वापरल्यास जबाबदारी विद्यार्थ्याची.’ खाली बारीक अक्षरात : ‘चपला ओळीत काढाव्यात.’

तुमच्या घरात कोणी जर्मनीची तयारी करत असेल तर काकांकडे जरूर पाठवा. फी बाजारभावाच्या निम्मी आहे आणि वर्ग सातला म्हणजे सातलाच सुरू होतो. बसण्याला परीक्षेत हाबेन लिहा, कोणी मार्क कापणार नाही. म्युनिक, स्टुटगार्ट, व्हिएन्नाला पोचलात की खुशाल बिन म्हणा, तेही बरोबरच आहे. फक्त व्हिसाच्या खिडकीवर, आजवर काय काय केलंत असं विचारलं, तर घाईघाईत नुसतं ‘इश हाबे गेझेसन’ म्हणू नका. कुठे बसला होतात ते पुढे लगेच सांगा.